पटाशीचं घराणं

बीव्हरचे पुढचे चार दात नारिंगी असतात. दाताच्या पुढच्या अंगाला जे कठीण कवच असतं, त्यात लोह मिसळलेलं असतं, त्याचा हा रंग. मागच्या अंगाला तसं कवच नाही. त्यामुळे चावताना मागची बाजू लवकर झिजते, पुढची टिकते आणि दात वापरता वापरताच पाजळत जातो. शिवाय तो मरेपर्यंत वाढत राहतो. हत्याराला धार लावण्याची चिंता नाही आणि हत्यार झिजून संपण्याचीही नाही. उंदीर, खारी, साळिंदर या सगळ्या कृंतकांना पटाशीचे दात असतातच. पण त्या दातांनी हातभर जाडीचं झाड आडवं पाडणारा बीव्हरच.

बाकीचं शरीरही नीट पाहावं असं आहे. त्याचे ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात, म्हणून पाण्याखाली फांदी कुरतडताना तोंडात पाणी शिरत नाही. डोळ्यांवर एक पारदर्शक पापणी सरकते. मागच्या पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात आणि त्याच पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख दुभंगलेलं असतं. ते फणीसारखं वापरून तो केस साफ करतो. शेपूट चपटं, रुंद, खवल्यांचं. पूर्ण वाढलेला बीव्हर तीस किलोपर्यंत भरतो. आज जगात असलेल्या कृंतकांमध्ये त्याहून मोठा फक्त दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा.

त्याची ओळख करून देताना सगळे आधी धरणाकडे वळतात. मला तो मार्ग पुरेसा वाटत नाही. धरण हे या घराण्याचं अलीकडचं, एका शाखेने नावारूपाला आणलेलं काम आहे. घराणं त्याहून कितीतरी जुनं. त्यात वाळूत खोल बिळं खणणारे होऊन गेले, किलोभरही न भरणारे पोहणारे होऊन गेले, माणसापेक्षा लांब आणि दीडपट वजनाचे होऊन गेले. सगळ्यांच्या तोंडात वडिलोपार्जित हत्यार एकच होतं. प्रत्येकाने त्याचं काय केलं, ही या घराण्याची खरी बखर आहे.

हा प्राणी कोणाच्या पंक्तीला बसवायचा, हे माणसाला फार उशिरा उमगलं. ११८८ साली वेल्समधून प्रवास करणाऱ्या जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने टायव्ही नदीवरच्या बीव्हरचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उत्तरेकडच्या देशांत मोठमोठी माणसं उपवासाच्या काळात बीव्हरचं शेपूट मासा समजून खातात, हेही त्याने नोंदवलं. खवले आणि पाण्यातलं जगणं एवढ्यावर अर्धा प्राणी मासा ठरला होता. पुढे लिनियसने १७५८ साली त्याला ‘कॅस्टर फायबर’ हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्याच ‘कॅस्टर’ प्रजातीत त्याने रशियातला डेसमनही घातला. डेसमन हा छछुंदराच्या गोतातला कीटकभक्षी प्राणी. त्याचं बीव्हरशी काही नातं नाही. १७६६ साली तिथेच मस्करॅटही आला. तो कृंतक खरा, पण वेगळ्या कुळातला. पाण्यात राहतो, केसाळ आहे, गंध सोडतो, एवढी समान लक्षणं लिनियसला पुरली. राहणीवरून नातं जोडण्याचा हा प्रकार होता, आणि राहणी फार फसवते.

१८५५ साली ब्रांट या अभ्यासकाने कृंतकांची विभागणी चावण्याच्या स्नायूंवरून केली. जबडा ओढणारा मोठा स्नायू कवटीवर कुठे आणि कसा चिकटलेला आहे, हे त्याने पाहिलं. खारीचा एक प्रकार, उंदराचा दुसरा, साळिंदराचा तिसरा. बीव्हरचा स्नायू खारीच्या पद्धतीचा निघाला, म्हणून तो खारींच्या पंक्तीला बसला आणि शतकाहून अधिक काळ तिथेच राहिला. त्या हिशेबाने आपल्या भीमाशंकरचं शेकरू त्याचं भाऊबंद ठरत होतं.

डीएनए वाचता यायला लागल्यावर ही पंक्त मोडली. बीव्हरचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग निघाले अमेरिकेतले गोफर आणि कांगारू उंदीर. गोफर आयुष्य जमिनीखाली काढतो, गालाच्या पिशव्यांत खाणं भरून नेतो. कांगारू उंदीर वाळवंटात मागच्या दोन पायांवर उड्या मारतो आणि पाण्याचा थेंबही न पिता जगू शकतो. आणि ही सगळी शाखा मिळून खारींपेक्षा उंदरांच्या जवळ आहे. शेकरूपेक्षा आपल्या स्वयंपाकघरातला उंदीर बीव्हरचा जवळचा आप्त. ऐकायला हे विचित्र वाटतं. पण कोरड्या वाळवंटातला आणि भर पाण्यातला असे दोघे एका मूळ पुरुषाचे वंशज असावेत, यात मला कृंतकांचा सगळा पराक्रम दिसतो.

बीव्हर कुळातले सर्वांत जुने माहीत असलेले जीवाश्म उत्तर अमेरिकेतल्या सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. अॅग्नोटोकॅस्टर हे त्यातलं एक नाव. आशियातही जवळपास तेवढेच जुने अवशेष आहेत. हे प्राणी लहान होते आणि त्यांच्या शरीरात पाण्याच्या खुणा फारशा नव्हत्या. पाण्याची ओढ कधी लागली, याचा एक चांगला पुरावा मॉन्टानात मिळाला. तिथल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या, किलोभरही वजन नसलेल्या एका बीव्हरला २०२२ साली ‘मायक्रोथेरिओमिस’ हे नाव देण्यात आलं. त्याच्या घोट्याच्या हाडाची मापं घेऊन, पोहणाऱ्या आणि न पोहणाऱ्या कृंतकांशी ताडून, तो पाण्यात वावरणारा असावा असं अनुमान निघालं. एका घोट्याच्या हाडाने एवढं सांगावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण घराण्यातले सगळेच पाण्याकडे वळले नाहीत. एका शाखेने जमीन धरली, आणि तिची हकिगत सावकाश सांगायला हवी.

१८९१ साली नेब्रास्का विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ अर्विन बार्बर राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, नायोब्रारा नदीच्या आसपास हिंडत होते. तिथल्या गुराख्यांना आणि रँचवाल्यांना एक विलक्षण गोष्ट वर्षानुवर्षं माहीत होती. टेकड्यांच्या कड्यांतून दगडी मळसूत्रं उभी होती. माणसापेक्षा उंच, एकसारखे वेढे घेत सरळ खाली उतरणारी, आणि तळाला एका बाजूला तिरपा निघालेला जाड दांडा. लोक त्यांना सैतानाची मळसूत्रं म्हणत. बार्बरनी तेच नाव लॅटिन घाटात आणलं: डेमोनेलिक्स.

ही काय वस्तू असावी? बार्बरचा पहिला अंदाज होता गोड्या पाण्यातला प्रचंड स्पंज. मग त्यांचं मत वनस्पतीकडे झुकलं. त्याला कारणही होतं: मळसूत्राचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की त्यात वनस्पतीच्या पेशी स्पष्ट दिसत. १८९३ साली अमेरिकेतले एडवर्ड कोप आणि व्हिएन्नाचे थिओडोर फुक्स या दोघांनी सुचवलं की ही कुठल्यातरी कृंतकाची बिळं असावीत, वाळूने भरून दगड झालेली. बार्बरना ते पटलं नाही. एका मळसूत्राच्या आत कृंतकाचा सांगाडा मिळाला, तरी ते आपल्या मतावर राहिले. पुढे कार्नेगी संग्रहालयाच्या पीटरसन यांना या बिळांत पुन्हा पुन्हा एकाच प्राण्याचे सांगाडे मिळाले, आणि तो प्राणी बीव्हरच्या कुळातला होता. पॅलिओकॅस्टर: फार तर एखाद्या मोठ्या खारीएवढा, आखूड शेपटीचा, माळावर वसाहत करून राहणारा. काळ सुमारे सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा.

बार्बरना दिसलेल्या वनस्पतीच्या पेशीही खऱ्याच होत्या. तो कोरडा प्रदेश. ओलाव्याच्या शोधात गवताझुडपांची मुळं बिळाच्या भिंतींत शिरत. मातीत ज्वालामुखीची राख भरपूर, राखेत सिलिका. ती मुळांत झिरपून मुळांचा दगड झाला. म्हणून बीळ आतून वनस्पतीसारखं दिसत होतं. हा इतका सुंदर फसवा पुरावा होता की बार्बरच्या हट्टाबद्दल मला आदरच वाटतो. ते डोळ्यांना दिसलं तेच सांगत होते.

बीळ पॅलिओकॅस्टरने खणलं कशाने, हा प्रश्न मात्र उरला होता. नखांनी, असं कोणालाही वाटेल. १९७७ साली लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी या बिळांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. भिंतींवर रुंद, सपाट ओरखडे होते. त्यांनी पॅलिओकॅस्टरचे जीवाश्म झालेले पुढचे दात ओल्या वाळूवरून ओढून पाहिले. तसेच ओरखडे उमटले. म्हणजे हा प्राणी दातांनी खणत होता. डावीकडून एक घाव, उजवीकडून एक घाव, असं करत गोल फिरत खाली उतरत होता. काही मळसूत्रं डावीकडे वळलेली आहेत, काही उजवीकडे. पण एकदा दिशा धरली की ती शेवटपर्यंत सुटत नाही. तळाशी पोचल्यावर राहण्याची खोली वरच्या दिशेने तिरपी खणलेली. असं बीळ सरळ बोगद्यापेक्षा आतला ओलावा आणि गारवा जास्त टिकवत असावं, हा मळसूत्राच्या आकाराबद्दलचा एक तर्क आहे. या बिळांपैकी एकात झोडिओलेस्टिस नावाचा मुंगसाएवढा शिकारी अंगाचं वेटोळं करून मेलेला सापडला. तो मालकाला खायला उतरला होता की रिकाम्या घरात राहायला, ते आता कोण सांगणार?

लाकूड कापणाऱ्याच्या चुलतभावाने तेच दात मातीवर चालवले. या शाखेचं पुढे काही उरलं नाही. नेब्रास्कातल्या अॅगेट फॉसिल बेड्स या राष्ट्रीय स्मारकात त्यांची मळसूत्रं आजही जागेवर उभी आहेत.

मग लाकूड कापायला सुरुवात कोणी केली? याचं उत्तर निघालं उत्तर ध्रुवाजवळ. कॅनडाच्या एल्समियर बेटावर आज झाड नाही. चाळीस लाख वर्षांपूर्वी तिथे लार्च वृक्षांचं रान होतं, त्यात लहान अस्वलं आणि तीन खुरांचे घोडे होते, आणि तळ्यात डिपॉइडीस नावाचा बीव्हर होता, आजच्यापेक्षा बराच लहान. त्या तळ्याचा गाळ गोठलेला राहिला आणि त्यात काटक्या जशाच्या तशा मिळाल्या. दगड न झालेल्या, लाकूडच असलेल्या काटक्या, आणि त्यांच्या टोकांवर दातांचे घाव. नताल्या रिब्झिन्स्की यांनी हे घाव आजच्या बीव्हरच्या घावांशी ताडले. डिपॉइडीसच्या दाताची धार आजच्यासारखी सरळ नव्हती, गोलसर होती. त्यामुळे तेवढीच काटकी तोडायला त्याला जास्त चावे घ्यावे लागत. तो कापत होता, पण कष्टाने.

या काटक्यांचं मोल फक्त त्यांच्या वयात नाही. डिपॉइडीस हा आजच्या बीव्हरचा पूर्वज नव्हे. दोघांच्या शाखा दोन कोटी वर्षांहून आधी वेगळ्या झाल्या. दोन्ही शाखांत लाकूड कापणं दिसतं, म्हणजे ते बहुधा वाटणी होण्याआधीच्या सामाईक पूर्वजाकडून दोघांना मिळालं असणार. तेव्हा लाकूडतोडीची ही विद्या किमान दोन कोटी वर्षांची ठरते. ती पोट भरण्यासाठी सुरू झाली असावी: साल खायची, कोवळ्या फांद्या खायच्या, हिवाळ्यासाठी पाण्याखाली साठवायच्या. फांद्यांचा ढीग पाण्यात साचला, पाणी अडलं, आणि पुढे कधीतरी अडवणं हेच काम झालं. हा क्रम मला पटतो. मोठी कामं बहुतेक अशीच, भाकरीच्या मागोमाग सुरू झालेली असतात.

डिपॉइडीसच्याच शाखेतून पुढे महाकाय निपजले. १८३८ साली फॉस्टर यांनी ओहायोतल्या अवशेषांवरून कॅस्टोरॉइडीसचं वर्णन केलं. हा हिमयुगातला बीव्हर नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटरहून लांब होता आणि त्याचं वजन शंभर किलोच्या घरात होतं. फ्लोरिडापासून थेट अलास्कापर्यंत त्याची हाडं सापडतात. पुढचे दात पंधरा सेंटीमीटरपर्यंत लांब. एवढे दात पाहून एवढ्याच मोठ्या वृक्षांची आणि धरणांची कल्पना मनात येते. पण दातांची टोकं बोथट, गोलसर आहेत आणि पुढच्या अंगाला उभे कंगोरे आहेत. झाड कापायची धार तिथे नाही. २०१९ साली टेसा प्लिंट आणि सहकाऱ्यांनी त्याच्या हाडांतले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक तपासले. जनावर जे खातं त्याची खूण हाडात उरते. निष्कर्ष निघाला की तो पाणवनस्पती खाऊन जगत होता, लाकूड खाण्याची खूण नाही. म्हणजे पूर्वजांकडे असलेली कापण्याची विद्या या शाखेने सोडून दिली होती.

तोपर्यंत आजच्या बीव्हरची ‘कॅस्टर’ ही शाखा युरोप-आशियात तयार झाली होती. तिच्यातला एक पुढे निघाला. तेव्हा सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये जमीन होती. त्या वाटेने कॅस्टर अमेरिकेत गेला. ओरेगॉनमध्ये त्याचे सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत. ज्या भूमीत कुळाचे सर्वांत जुने पुरावे आहेत, त्याच भूमीत एक वंशज कोट्यवधी वर्षांनी जग फिरून परत आला. तिथे त्याचे दूरचे भाऊबंद आधीपासून होते. हिमयुगात कॅस्टर आणि महाकाय कॅस्टोरॉइडीस एकाच खंडात, एकाच काळात, पाण्याच्या काठाने राहत होते.

सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरलं, हवा उष्ण आणि कोरडी होत गेली, दलदली आटल्या. कॅस्टोरॉइडीस संपला. कॅस्टर टिकला. प्लिंट आणि सहकारी याचा अर्थ असा लावतात की महाकायाला दुसऱ्याने तयार केलेलं तळं लागत होतं, लहानाला स्वतःचं तळं करता येत होतं. त्या काळात माणूसही पसरत होता आणि इतर अनेक मोठे प्राणी नाहीसे झाले, तेव्हा हे एकच कारण पुरेसं असेल असं मी म्हणणार नाही. पण दोघांपैकी ज्याने कापणं सोडलं नाही तोच आज आहे, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. या कुळातल्या जीवाश्म प्रजातींची यादी काढली तर ती तिसाच्या आसपास भरते. जिवंत आहे ती एकच, कॅस्टर, आणि तिच्यात दोन जाती.

एक युरेशियातली, कॅस्टर फायबर. दुसरी उत्तर अमेरिकेतली, कॅस्टर कॅनाडेन्सिस. हे नाव कूल यांनी १८२० साली दिलं. दोघांना शेजारी ठेवलं तर जाणकारही गोंधळतात. तेच शेपूट, तेच दात, तीच धरणं. पण युरेशियातल्याची गुणसूत्रं ४८, अमेरिकेतल्याची ४०. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून काढलेला एक अंदाज दोघांची फारकत पंचाहत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी झाली असं सांगतो. रशियात दोघांचा संकर घडवण्याचे प्रयत्न झाले. जगणारं पिल्लू निपजलं नाही. बाहेरून ओळखण्याची खात्रीची खूण शेपटाखाली आहे. गुदग्रंथीतून पिळून काढलेल्या स्रावाचा रंग आणि दाटपणा जातीप्रमाणे वेगळा असतो, आणि नर-मादीप्रमाणेही. बीव्हरमध्ये नर-मादी वरून कळतच नाहीत, त्यामुळे क्षेत्रात काम करणाऱ्यांना या स्रावाशिवाय गत्यंतर नसतं.

हा फरक न ओळखण्याची किंमत फिनलंडने मोजली. तिथले बीव्हर शिकारीत संपले होते. १९३० च्या दशकात नॉर्वेतून युरेशियन बीव्हर आणले गेले, आणि १९३७ साली अमेरिकेतून सात. तेव्हा दोन्ही एकच मानले जात. आज फिनलंडमध्ये अमेरिकन जातीची संख्या जास्त आहे, आणि मूळची जात तिथे रुजवणं अवघड झालं आहे.

शिकारीचा इतिहास मोठा आहे. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातल्या आबान यश्तात जलदेवता अनाहिता बीव्हरच्या कातड्याची वस्त्रं ल्यालेली आहे. मुंबई-नवसारीच्या अग्यारींमध्ये ते स्तोत्र आजही म्हटलं जातं. बीव्हरच्या शेपटाजवळच्या पिशव्यांतला सुगंधी पदार्थ युनानी वैद्यकात जुंदबेदस्तर या नावाने आला, आणि ज्या भारतात बीव्हर रानात नाही तिथल्या हकिमांच्या दुकानांपर्यंत पोचला. या पदार्थात सॅलिसिलिक आम्ल असतं, बीव्हर खातो त्या वाळुंजाच्या सालीतून आलेलं. पण खरा घात केला तो केसांनी. बीव्हरच्या मऊ लोकरीपासून उत्तम नमदा होत असे, नमद्याच्या टोप्या होत, आणि त्या टोप्यांपायी १६७० साली उत्तर अमेरिकेत कातड्यांचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी उभी राहिली. युरोप-आशियात मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अवघे १२०० च्या आसपास बीव्हर उरले होते, आठ वेगवेगळ्या कोपऱ्यांत: फ्रान्समध्ये ऱ्होन, जर्मनीत एल्बे, दक्षिण नॉर्वे, मग बेलारूसपासून मंगोलियापर्यंत विखुरलेले ठिपके.

या आठ ठिपक्यांवर वर्गीकरणकारांनी आठ उपजाती उभ्या केल्या. एल्बेची वेगळी, ऱ्होनची वेगळी, तुव्हाची वेगळी. कवट्यांच्या मापांत फरक खरेच होते. पण ते फरक लाखो वर्षांच्या वेगळेपणाचे होते की मूठभर प्राणी उरल्यावर त्यांच्यातच विणी होत राहिल्याचे? जनुकांच्या अभ्यासात आज ढोबळमानाने पूर्व आणि पश्चिम असे दोनच मोठे गट दिसतात, आणि जुन्या हाडांतल्या डीएनएमध्ये आज कोणत्याही जिवंत बीव्हरात न आढळणाऱ्या वंशरेषा सापडतात. माझं मत स्पष्ट आहे: त्या आठ नावांत उत्क्रांतीपेक्षा बंदुका आणि सापळे जास्त आहेत. शिकाऱ्यांनी जिथे जिथे कसंबसं सोडलं, तिथे तिथे एक उपजात झाली.

हा प्रश्न फक्त ग्रंथालयातला नाही. बीव्हर परत आणताना कोणते सोडायचे, हे यावरच ठरतं. ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक वर्षांनी २००९ साली स्कॉटलंडच्या नॅपडेल जंगलात अधिकृतपणे बीव्हर सोडले, तेव्हा ते एकाच ठिकाणचे, नॉर्वेच्या टेलेमार्क भागातले होते. त्याच सुमारास टे नदीच्या खोऱ्यात परवानगीशिवाय सुटलेले बीव्हर वाढत होते. त्यांची जनुकं बव्हेरियाशी जुळत होती, आणि बव्हेरियातले बीव्हर मुळात अनेक ठिकाणांहून आणून एकत्र केलेले. नॅपडेलचा कळप लहान राहिला, जनुकांची विविधता तोकडी पडली. तेव्हा २०१७ पासून टे खोऱ्यातले काही प्राणी पकडून नॅपडेलमध्ये सोडण्यात आले. आज युरोप-आशियात पंधरा लाखांच्या वर बीव्हर आहेत, आणि त्यांतले पुष्कळ असेच दोन-तीन जुन्या ठिपक्यांचं रक्त एकत्र आलेले आहेत.